फाशीचा काना

छापखान्यात त्यांना सगळे कानामात्रा म्हणायचे, तेही तोंडावर. तीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? जिन्याखालच्या खोलीत ते आणि त्यांच्या हाताखालची मुलगी समोरासमोर बसत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पेन्सिल घेऊन प्रुफावर नजर ठेवायची. घसा बसला की अदलाबदल.

मुलीला तिथे त्यांनीच चिकटवलं होतं. तिचे वडील पूर्वी त्यांचे जोडीदार. एका पाठ्यपुस्तकात कानामात्रांच्या हातून घोडचूक झाली, मालकांनी जोडीदाराला काढलं आणि हे मूग गिळून बसले. तो बिचारा पुन्हा कुठे टिकला नाही, खंगत खंगत गेला. मुलीला कामाला लावलं की आपलं पाप थोडं हलकं होईल असं यांना वाटलं. झालं मात्र काहीच नाही. रोज तिच्याकडे बघून जीव तुटायचा तो तुटतच राहिला.

मग एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीचं नवं भाषांतर आलं. नायक जन्मभर उनाड, आणि शेवटी मित्राच्या जागी आपण फासावर जाणारा. शेवटची पानं वाचताना कानामात्रांचा गळा दाटून आला. समोर पोरगी बाहीने डोळे पुसत होती. पुस्तक दुकानांत पोचलं आणि नायक मित्रासाठी ‘हसत हसत फशी गेला’. एक काना गळाला आणि हुतात्म्याचा बावळट झाला. गावभर हसू. कोरड्या डोळ्यांनी वाचलं असतं तर ही वेळ आली नसती, पण भाषांतर नेमकं चांगलं होतं.

मालकांनी दोघांना बोलावलं. "शेवटचं पान कुणी तपासलं?"

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. "खरंच आठवत नाही हो. आम्ही सारखी अदलाबदल करत होतो."

कानामात्रांना लख्ख आठवत होतं. पेन्सिल तिच्या हातात होती. तिच्या एकटीच्या कामावर घर चालत होतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"मी," ते म्हणाले.

त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं. आणि लाज वाटावी इतकं त्यांना बरं वाटलं. कित्येक वर्षांनी ते गाढ झोपले. मनातल्या मनात त्या नायकाशेजारी जाऊन उभेही राहिले, म्हाताऱ्याला तेवढी हौस होती.

चार दिवसांनी मुलगी त्यांचा चष्मा आणि शब्दकोश पोचवायला घरी आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"काका, बाबा सांगायचे, पाठ्यपुस्तकातली ती चूक तुमची होती म्हणून."

त्यांनी तिच्या हातातला शब्दकोश घेऊन टेबलावर ठेवला.

"मी भांडायचे त्यांच्याशी. म्हणायचे, काकांची नजर चुकणं शक्य नाही, तुम्ही उगाच दुसऱ्यावर ढकलताय. शेवटच्या आजारपणातसुद्धा तेच ऐकवलं मी त्यांना. तुमच्यापायी मी माझ्या बापाला खोटं पाडलं, काका. आणि त्या दिवशी मालकांसमोर कळलं, तुमचीही नजर चुकते."

ते पान तुझं होतं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते अगदी जिभेवर आलं. कानामात्रांनी ते गिळलं, आणि गिळताना पहिल्यांदाच त्यांना कळलं की मालकांसमोर आपण दिलं ते फार स्वस्तातलं होतं.

"तुझे बाबा खरं बोलत होते," ते म्हणाले. "चूक माझीच होती."

ती रडली नाही.

"मग ते असताना का नाही आलात?" तिने विचारलं. "दार वाजलं की ते उठून बसायचे. म्हणायचे, बघ गं, तो आला असेल."