चंद्रयंत्र आणि तिसरा मजला

बाबांनी तांब्याच्या गडूत आंब्याचा डहाळा बुडवला आणि गर्दीवर तीर्थाचं पाणी शिंपडलं. एप्रिलच्या मध्यातली सकाळ, साडेदहाच वाजले होते, पण पुलगावचं ऊन आत्ताच डोक्यात घुसायला लागलं होतं. अंगावर थेंब पडलेल्यांनी डोळे मिटले. कुणी गालाला हात लावून पाहिला, कुणाच्या अंगावर काटा आला.

"थंडं वाटून राह्यलं ना बाप्पा!" तळमजल्यावरचे कापडवाले भैय्याजी ओरडले. "सच्ची सांगतो, एसीसारखं!"

मग जयजयकार. मधुकररावांच्या तीनमजली व्यापारी संकुलाचं पटांगण माणसांनी भरून गेलं होतं. मधोमध भगव्या कापडावर टेबल, टेबलावर पाण्याची एक जुनी मोटार आणि तिच्याशेजारी चांदीच्या रंगाची, चंद्रकोर रंगवलेली पेटी. मागे उंच आसनावर स्वतः बाबा, शीतलानंद महाराज. दाढी काळीभोर, आवाज लोण्यासारखा.

"वीज म्हणजे काय? सूर्याची उष्ण नाडी," महाराज सांगत होते. "चंद्राची ती शीत नाडी. हे चंद्रयंत्र दोघांचं लग्न लावतं. मग वीज लागते निम्मी आणि इमारत आपोआप थंडावते. अमेरिकेतले शास्त्रज्ञ माझ्या दारात बसले होते, पण मी म्हणालो, आधी माझा विदर्भ!"

त्यांच्या शिष्यानं मोटार सुरू केली आणि तारेला चिमट्यासारखं मीटर लावून आकडा सगळ्यांना दाखवला. सहा अँपिअर. महाराजांनी डोळे मिटून पेटीचं बटण दाबलं. मोटार तशीच घरघरत राहिली, पण आकडा साडेतीनवर उतरला. पहिल्या रांगेतल्या दोन बायका तिथंच जमिनीवर डोकं टेकवून मोकळ्या झाल्या.

मी मागे उभी होते. याच गावातल्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्या गर्दीतली निम्मी माणसं माझ्या वर्गात बसून गेलेली. त्यांना मी नेमकं काय शिकवलं, असा प्रश्न मला त्या सकाळी पडला.

माझ्याजवळ सोनम उईके उभी होती. तीही माझीच विद्यार्थिनी. आयटीआयमधून वायरिंगचं काम शिकली आणि आता वीज कंपनीच्या एका ठेकेदाराकडे इमारतींची वीजमोजणी करत होती. वीज कंपनीनं दुकानं आणि कार्यालयांसाठी एक योजना काढली होती. जुने दिवे, जुने पंखे, जुने एसी बदला. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा थर द्या. काही नवी युक्ती असेल तर तीही करा. जेवढी वीज खरोखर वाचेल, त्या प्रमाणात खर्चाचा वाटा कंपनी उचलेल. अट एकच. आधी मोजायचं, मग बदल करायचे, मग पुन्हा मोजायचं.

या संकुलाचा आराखडा सोनमनंच केला होता. तिसऱ्या मजल्यावर मधुकररावांचं शिवणकेंद्र होतं. वर थेट तापलेला स्लॅब, खाली बावीस बायका. सोनमनं गच्चीतून खाली आरशासारख्या चकचकीत नळ्या सोडायचं सुचवलं होतं. त्यातून दिवसा सूर्याचा उजेड आत येईल, उन्हाची धग येणार नाही, आणि भर दिवसा चाळीस ट्यूबलाइट जाळायची गरज उरणार नाही. मोजणीची पहिली पेटी तिनं तिथं महिन्याभरापूर्वीच बसवली होती. दर तासाला किती वीज लागली आणि खोली किती तापली, दोन्ही त्या पेटीत नोंदवलं जायचं. त्या बावीस बायकांत तिची आई होती, रुखमा.

"महाराज," सोनम पुढं होऊन म्हणाली, "चिमटा कायले लावता? युनिटाचं मीटर लावून दाखवा ना. बिल तर त्याच्यावरच येते."

महाराज हसले. "बेटी, आईची माया तू कोणत्या मीटरनं मोजतेस? जो मोजतो, तो शंका घेतो. आणि शंकेच्या घरात माझं यंत्र चालत नाही."

टाळ्या पडल्या. मधुकररावांचा चेहरा लाल झाला. "सोनम, तुह्या कंपनीचे कागद मी थांबवून ठेवले आहेत, समजलं? सहा महिने मोजा, मग फॉर्म भरा, मग साहेब येणार! अन् इथं चाळीस दिवसांत काम होऊन राह्यलं. चूप बस."

मी काय केलं? मी हसले. ती मोटार, तो चिमटा, सगळा खेळ मला कळला होता. असले बाबा येतात आणि जातात, असं मनाशी म्हणत मी घरी गेले आणि आमरस केला. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

यंत्र बसलं. सोबत व्रत आलं. चाळीस दिवस, दुपारी बारा ते चार, वरच्या मजल्यानं "मध्यान्हमौन" पाळायचं. म्हणजे पंखे बंद, कूलर बंद, दिवे बंद. यंत्राला सूर्याशी झुंजताना त्रास होऊ नये म्हणून. शिलाईयंत्रं मात्र चालू, कारण शाळांच्या गणवेशांची ऑर्डर जूनच्या आत द्यायची होती. आणि तळमजल्यावरचे एसी? तेही चालू. तिथं गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाईकाला मौनातून सूट होती! महाराजांच्या चंद्राला पैसेवाल्यांचा मजला बरोबर ओळखू येत होता.

सोनम आईशी रोज भांडायची. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच.

"माय, तू उद्यापासून जाऊ नको."

"बावीस जणी बसतात वं. मी एकटीच काऊन उठू?" रुखमा म्हणाली. तिच्या मानेवर घामोळ्यांचा लाल पट्टा उठला होता. "मालक म्हणते, तीर्थ लावा, थंडं वाटते. वाटते बी. मंग पाच मिनिटानं अजूनच आग होते."

"मालकाला मी सांगू का?" मी विचारलं.

"नोका सांगू मॅडम. मलेच काढून टाकतीन."

मी नाही सांगितलं. हेही माझ्या नावावर लिहून ठेवते.

चोवीस मे. बाहेर पारा शेहेचाळीसच्या वर. दुपारी तीनच्या सुमारास रुखमा शिवता शिवता बडबडायला लागली. आपल्या मेलेल्या बहिणीला हाका मारू लागली. शेजारणीला वाटलं, अंगात आलं. कुणीतरी तीर्थ आणलं आणि तिच्या कपाळाला चोळलं. कुणीतरी कुंकू लावलं. दहा मिनिटं, पुरती दहा मिनिटं त्या बाईची पूजा चालली होती, आणि तिची कातडी तव्यासारखी कोरडी तापली होती. ती मशीनवर कोसळली तेव्हा कुठं बायकांनी तिला उचलून खाली आणलं.

दवाखान्यात डॉक्टर नमिताताईंनी तिच्या अंगाखाली ओली चादर घातली, काखेत बर्फ ठेवला, पंखा लावला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "उष्माघात आहे. अंगात कुणी आलेलं नाही. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

आणि महाराज काय म्हणाले? संध्याकाळच्या आरतीत म्हणाले, "त्या माउलीच्या घरात शंका होती. यंत्रानं शंका बाहेर फेकली."

सोनमनं ते ऐकलं आणि ती रडली नाही. माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाली, "मॅडम, परवा व्रताचे चाळीस दिवस भरतात, त्यांचा सिद्धिसोहळा आहे. तुमी येजा माह्यासंगं. यावेळेस मागं उभं राहू नका."

सोहळ्याला गर्दी दुप्पट होती. नवीन बिल मोठं करून फलकावर लावलं होतं. गेल्या वर्षीच्या याच दिवसांतल्या बिलापेक्षा ते खरोखरच कमी होतं. पुलगावातले आणखी आठ-दहा व्यापारी यंत्राची मागणी नोंदवायला रांगेत उभे होते. शिष्यानं पुन्हा मोटार सुरू केली, पुन्हा सहाचे साडेतीन झाले.

तेवढ्यात मी टेबलापाशी गेले आणि मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांनाही गप्प बसवणारा माझा वर्गातला आवाज लावला. "भैय्याजी, इकडे या. घड्याळ आहे ना हातात? तुम्ही मोजायचं."

भैय्याजीही माझेच जुने विद्यार्थी, सवयीनंच आले. सोनमनं मोटारीच्या तारेत दुकानात असतं तसलं युनिटाचं मीटर जोडलं. शिष्य आडवा आला, पण तिच्याबरोबर शिवणकेंद्रातल्या वीस-एकवीस बायका आल्या होत्या. त्या नुसत्या टेबलाभोवती उभ्या राहिल्या.

"हा लाल दिवा जितका लवकर लुकलुकेल, तितकी वीज जाऊन राह्यली," सोनम म्हणाली. "यंत्र बंद आहे. मोजा."

"एका मिनिटात सदतीस," भैय्याजी म्हणाले.

"आता यंत्र चालू."

सगळं पटांगण मनातल्या मनात मोजत होतं. भैय्याजींनी घड्याळावरून नजर उचलली. "सदतीस."

"अजून एकदा मोजा."

"सदतीसच आहे ना बे!"

सोनमनं पेचकस काढला आणि पेटीचं झाकण उघडलं. आत वाळू भरली होती, वजनासाठी. वाळूत एक प्लास्टिकचा डबा. तिनं तो वर धरला. "हा कंडेन्सर. पाण्याच्या मोटारीले लावतात तो, कोणत्याही दुकानात भेटते. मोटार थोडा करंट घेते अन् तसाच वापस पाठवते. त्याचं हे जाणं-येणं कंडेन्सर जवळच्या जवळ भागवते, म्हणून चिमट्यात आकडा कमी दिसते. पण तो करंट वापस येणाराच होता. आपलं मीटर त्याचे पैसे लावतच नाई. जे लावतच नाई, ते वाचीन कुठून?"

"मग बिल कमी कसं झालं?" मधुकरराव ओरडले. "ते का खोटं आहे?"

"ते खरं आहे," सोनम म्हणाली आणि तिनं तिसऱ्या मजल्यावरच्या मोजणीच्या पेटीचा कागद उलगडला. "हे पाहा. रोज बाराला वीज धपकन खाली, चारला पुन्हा वर. पंखे बंद, कूलर बंद, दिवे बंद. यंत्र नसतं तरी एवढंच कमी झालं असतं. अन् हा खोलीचा ताप. चोवीस तारीख, दुपारी तीन. सत्तेचाळीस. हे तुमचं थंडावणं. तुमी वीज नाई वाचवली काका, माह्या मायचा पंखा बंद केला."

मी तीर्थाचा गडू उचलला आणि भैय्याजींच्या नाकाखाली धरला. "कशाचा वास येतो?"

"पिपरमिंट," ते हळूच म्हणाले. "पानठेल्यावरचा."

"त्यानं कातडीला गार वाटतं. अंगाचा ताप रतीभरही उतरत नाही. गार वाटतंय म्हणून बाया तशाच बसून राहिल्या. चोवीस तारखेला रुखमाच्या कपाळाला हेच चोळत होते."

महाराज तेव्हा आसनावरून उतरले होते आणि फाटकाकडे निघाले होते. बायकांनी त्यांना वाट दिली नाही. हातही लावला नाही. पोलीस येईपर्यंत त्यांना तिथंच, भर उन्हात, तीर्थाशिवाय उभं ठेवलं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. बाबा जामिनावर सुटला आहे. मधुकररावांनी महिनाभरानं योजनेचे कागद पुन्हा काढले, गच्चीला पांढरा थर दिला, पंखे बदलले, नळ्या बसवल्या. पुढच्या मोजणीत वीज खरंच वाचली, आणि ती पंखे चालू ठेवून वाचली. ते रुखमाच्या घरी माफी मागायला गेले, तेव्हा ती खाटेवर बसून होती. तिचे हात अजून थरथरतात. सुईत दोरा ओवता येत नाही. ती त्यांना म्हणाली, "मले माफी नोको. माह्या जागी जे बाई बसवली, तिले दुपारी पाणी प्यायची सुट्टी देजा."

मला त्या बाबाचा राग येतो, पण तो भामटा होता, त्याचा तो धंदाच होता. जास्त राग मला आमचा येतो. हिशेब समजत असून डोळे मिटणाऱ्या मालकाचा. टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांचा. सगळं कळत असून हसत घरी जाणाऱ्या माझा. अंधश्रद्धेची किंमत टाळ्या वाजवणारा कधी देत नाही. ती वरच्या मजल्यावर बसलेल्या कुणाला तरी द्यावी लागते.

तुमच्या गावातही कुणी काहीतरी फुकटात वाचवून देणारा येईल. नाव वेगळं असेल, पेटीचा रंग वेगळा असेल. त्याच्या पाया पडण्याआधी त्याला मोजून दाखवायला सांगा. तुमच्या मीटरवर, तुमच्या घड्याळावर. तो चिडला, तर त्याला तिथंच थांबवा. आणि काही खरंच वाचलेलं दिसलं, तर आणखी एक प्रश्न विचारा: हे कुणाच्या अंगातून काढलं? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.