रॅम्पवर बसलेली देवी

पाचव्या माळेच्या दिवशी मी शिवांजलीला घेऊन सांगलीच्या त्या कार्यालयात पोचले, तेव्हा पावणेचार वाजले होते. पाचच्या आत रुजू झाली नाही तर नेमणूक रद्द, असं पत्रातच लिहिलेलं. सगळी मुदत डॉक्टरी दाखल्याची वाट बघण्यात गेली. तो त्याच दिवशी दुपारी साताऱ्यात हातात पडला, आणि तशीच जीप करून आम्ही निघालो.

लेक माझी चोवीस वर्षांची. सातवीत असताना अपघात झाला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. परीक्षा दिली ती तिनं, मी फक्त शुक्रवार धरले.

दाराला सात पायऱ्या होत्या. बाजूला रॅम्प दिसला आणि मी मनातल्या मनात हात जोडले. पण वर पत्र्याखाली, अगदी दाराच्या तोंडाशी, पाटावर घट बसवलेला. परडीत काळी माती, बोट-बोट उंच पिवळे कोंब, मधे कलश, त्यावर नारळ, वरून सोडलेल्या माळा आणि कडेला अखंड दिवा. खुर्ची जायला वीतभर जागा नव्हती.

मी चपला काढायला वाकले, मग आठवलं, नवरात्रात मी अनवाणीच असते. इतकं माझं डोकं जाग्यावर नव्हतं.

शिपाई रंगुबाई तेल घालत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आवं ताई, दोन वरसात ह्याच्यावर एक चाक चढलं न्हाई. आडोसा हाय, पत्रा हाय, म्हणून आमी हितं देवी बसवली. आता कुणाला ठावं!"

"थोडा सरकवता येईल का?"

"बसलेला घट दसऱ्याबगर हलवत्यात व्हय? तुमी बी नवरात धरलेलं दिसतंय. तुमीच सांगा."

मी काय सांगणार? घरी माझ्या घटाला मी सुनेचा पदर लागू देत नाही.

तेवढ्यात हेडक्लार्क बिराप्पा बाहेर आले. भला माणूस. "त्यात काय, चौघं जण उचलतो पोरीला."

"नको," शिवांजली म्हणाली. "मी काय सिमेंटचं पोतं आहे?"

"बरं, मस्टर खाली आणतो. हितंच सही कर."

"आणि उद्यापासून टेबलही झाडाखाली टाकणार का, काका?"

बिराप्पा हसले, मग हसायचं का नाही ते त्यांना कळेना. सव्वाचार झाले. शिवांजलीनं खुर्चीचा ब्रेक लावला आणि माझ्याकडं बघत बसली. मागितलं काहीच नाही.

आमच्याकडं अडलं की देवीला कौल लावतात. मी झेंडूच्या दोन पाकळ्या भिजवून नारळाला लावल्या. उजवी पडली तर घट हलवायचा, डावी पडली तर नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग दोन्ही पाकळ्या एकदम खाली आल्या.

"आता हे काय समजायचं?" बिराप्पांनी विचारलं.

"तुमीच शिकल्यालं हाय," रंगुबाई म्हणाली.

मला वाटलं, देवी रागावली. मग वाटलं, हो म्हणाली. मग वाटलं, वारा असेल. साडेचार वाजले आणि मी परडी उचलली. का उचलली, ते मला आजही धड सांगता येत नाही.

"आगं बया!" रंगुबाई ओरडली, पण तिनं पदराचा आडोसा करून दिवाही उचलला. बिराप्पांनी पाट काढला. शिवांजली स्वतःच्या हातांनी चाकं रेटत वर गेली, दारातून आत.

परडी मात्र मी खाली टेकवली नाही. टेकवलीच नाही तर घट हलला असं होतं का? कुणाला विचारू? पायरीवर बसून मी तो मांडीवर धरला, शेजारी दिवा घेऊन रंगुबाई. लोक आत-बाहेर करताना आम्हा दोघींच्या पाया पडत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचला पाच कमी असताना बिराप्पा आले. "झाली रुजू. उद्या धा वाजता हजर."

"मग ताई, घट जाग्यावर ठिवा की," रंगुबाई म्हणाली.

"उद्या ती परत कुठून चढेल?"

"मंग रोज उचलायचा?"

"आत जागा नाही का?"

"सायबांच्या केबिनीबाहीर हाय. पण तितं सायबांचं पावणं बसत्यात."

"त्यांना दुसरीकडं बसवा," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना.

बिराप्पांनी आत पाट मांडला, मी परडी टेकवली, रंगुबाईनं दिवा ठेवला. मी नाक घासून क्षमा मागितली. अपराध पोरीचा नाही, माझा धर, म्हटलं. मग वाकून बघितलं. कोंब एका बाजूला कलल्यासारखे वाटले. मघाशी तसेच होते का, ते काही केल्या आठवेना.