निरीक्षणाखालची काठी

मी एक काठी. लाकडाची आहे, हे आधीच सांगून टाकते. लाकडी वस्तू आधी जाहीर करावी, असा एका बेटावरच्या देशाचा नियम आहे, आणि त्या नियमापायी मी अठ्ठावीस दिवस कोठडीत काढले आहेत. तेव्हापासून कुणाशी ओळख करून घेताना मी पहिल्यांदा हेच सांगते.

जन्मापासून मी काठी नव्हते. एका शाळेच्या मैदानात उंच उडीचे दोन खांब होते, त्यांतला डावा खांब म्हणजे मी. माझ्या अंगावर खिळे, खिळ्यांवर आडवी दांडी. ती दांडी वर सरकवायला रोज कवायतीचे मास्तर येत. गळ्यात शिट्टी, आणि पाठ अशी ताठ की तिला पट्टी समजून रेघ मारावी. "वाकू नका" हे दोन शब्द त्यांनी चाळीस वर्षं मुलांना ऐकवले. त्यामुळे झालं काय, की पुढे स्वतःवर वाकायची वेळ आली तेव्हा त्यांची मोठी पंचाईत झाली.

निवृत्तीनंतर मास्तर एकदा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण डावा गुडघा रुसला तो रुसलाच. डॉक्टर म्हणाले काठी वापरा, तर मास्तरांनी डॉक्टर बदलला. दुसराही तेच म्हणाला. त्याच सुमारास शाळेने मैदानातलं जुनं सामान मोडीत काढलं होतं. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे मास्तरीणबाईंनी, त्यातून मला उचललं आणि सुताराकडे नेलं. त्याने रंधा मारला, वर मूठ बसवली, खाली रबराची टोपी घातली.

मला मास्तरांच्या हातात देताना मास्तरीणबाईंनी गुडघ्याचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "अहो, गल्लीत कुत्री फार झालीत. हातात काहीतरी असू द्या." मास्तरांनी मला मुकाट्याने घेतलं. गल्लीत कुत्रा एकच होता, तोही म्हातारा, आणि मास्तर दिसले की शेपूट हलवायचा. पण नवऱ्याच्या गळी काय कसं उतरवायचं, हे त्या माउलीला पक्कं ठाऊक होतं.

पुढे त्या गेल्या आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मास्तर सगळा भार माझ्यावर टाकून चालायचे, आणि समोरून कुणी आलं की मला काखोटीला मारायचे. परदेशातली मुलगी फोनवर तब्येत विचारी. ठणठणीत, हे ठरलेलं उत्तर. कारण तिने एकदा बजावून ठेवलं होतं, की बाबा, तुम्ही पडलात-बिडलात असं कळलं तर घराला कुलूप लावून तुम्हाला इकडे घेऊन येईन. मास्तरांना घर सोडायचं नव्हतं. खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं, तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा.

ही मुलगी त्या बेटावर राहते. चहूकडे पाणी, बारा महिने उकाडा, आणि ती तिथल्या एका हॉटेलात लोकांना पोहायला शिकवते. तिने मास्तरांना महिन्याभरासाठी बोलावलं आणि नियमांची भली मोठी यादी पाठवली. परतीचं तिकीट हवं. डासांच्या तापावरची लस टोचून घेतल्याचं पिवळं कार्ड हवं. बी, माती, मध, कातडं, लाकूड काहीही असलं तरी जाहीर करायचं. सैनिकांसारखे ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालायचे नाहीत.

मास्तरांना नियम म्हणजे जीव की प्राण. त्यांनी बुटांचे तळवे दात घासायच्या ब्रशने घासले. जुन्या विजारीच्या खिशात एक चिंचोका सापडला, तो शेजाऱ्यांकडे ठेवायला देऊन त्यांची सही घेतली. लस टोचून झाल्यावर दुसऱ्या दंडातही टोचता का, म्हणून विचारून पाहिलं. विमानात उतरायच्या आधी डासांचा फवारा मारला, तेव्हा सगळे खोकत होते आणि मास्तर मात्र आकडे मोजत श्वास रोखून बसले होते.

मग सोबत काय आणलंय ते जाहीर करायचं कार्ड भरायला आलं. लाकडी वस्तू आहे का? मास्तरांनी 'होय'वर खूण केली. वैद्यकीय साधन आहे का? इथे पेन थांबलं. मी त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होते, तो गुडघा दुखत होता, हे मला कळत होतं. त्यांनी 'नाही'वर खूण केली. उपयोग काय, या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: कुत्र्यांसाठी.

विमानतळावरच्या तपासनीस बाईंनी ते कार्ड दोनदा वाचलं.

"कुत्रा कुठे आहे?"

"कुत्रा नाही."

"काठी कुत्र्यांसाठी आहे, असं लिहिलंय तुम्ही."

"कुठल्याही कुत्र्यासाठी. आला तर."

"म्हणजे ही प्राण्यांच्या संपर्कातली वस्तू झाली. त्या कुत्र्याचा लस टोचल्याचा दाखला लागेल."

"कोणत्या कुत्र्याचा?"

"तेच तर मी विचारतेय, आजोबा."

बाई मनाने चांगल्या होत्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, ही चालायला लागत असेल तर एक खूण बदला आणि जा. मास्तरांनी मान वळवली. काचेपलीकडे त्यांची मुलगी हात हलवत उभी होती. कार्डाची एक प्रत घरच्यांना द्यायची, असाही तिथे नियम होता.

"मास्तर म्हणा," ते बाईंना म्हणाले, "आणि मला चालायला काठी लागत नाही." आणि माझ्याशिवाय ते दारापर्यंत चालत गेले. अकरा पावलं होती. मी एकेक मोजलं.

माझी रवानगी निरीक्षण कोठडीत झाली. ती तपासणी कचेरीच्या जुन्या दगडी घरात, एका टेकाडावर आहे, वर यायला चौऱ्याऐंशी पायऱ्या. कोठडीत माझ्याआधी कातड्याचा एक ढोल, वाळक्या फुलांचा गुच्छ आणि मातीने भरलेले फुटबॉलचे बूट होते. रोज सकाळी एक कारकून येऊन आम्हा सगळ्यांचा ताप बघायचा आणि वहीत लिहायचा. माझ्या नावापुढे लिहिलेलं असे: ताप नाही, पालवी नाही, भुंकणे नाही. नियम असा होता, की अठ्ठावीस दिवसांत दाखला आला तर सुटका, नाही आला तर मागच्या अंगणातली भट्टी. तिचं धुराडं खिडकीतून दिसायचं. दहाव्या दिवशी ढोलाला नेलं.

मास्तर दुसऱ्याच दिवशी मला भेटायला आले. भेटीची वेळ अकरा ते साडेअकरा, तोंडाला पट्टी, हातात मोजे, आणि हात लावायचा नाही. पायऱ्या चढताना त्यांची पावलं मला भिंतीतून ऐकू येत होती. एक पाऊल, मग मोठी विश्रांती, मग कठड्याची करकर. पाऊण तास लागला. आत येऊन ते स्टुलावर बसले, घाम पुसला, आणि आजाऱ्यापाशी बसून बोलतात तसं हळूच म्हणाले, "जेवण देतात का गं?" मग स्वतःच ओशाळले.

मुलीला त्यांनी सांगितलं होतं की सरकारी कामात चूक झाली आहे आणि ती निस्तरल्याशिवाय आपल्याला चैन पडणार नाही. तिने समुद्र दाखवते म्हटलं, बाजार दाखवते म्हटलं. मास्तर रोज अकराला माझ्यापाशी हजर. आपल्या गल्लीतल्या शेजाऱ्यांना त्यांनी फोन केला, शेजाऱ्यांनी गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या कुत्र्याला रिक्षात घालून नेलं, लस टोचून आणली आणि दाखला पाठवला. तपासनीस बाईंनी तो नीट वाचला, कुत्र्याच्या वयाबद्दल हळहळ व्यक्त केली आणि म्हणाल्या, आता हा कुत्रा आणि ही काठी यांचा एकत्र फोटो हवा. काठी इथे, कुत्रा तिथे. मास्तरांनी कपाळावर हात मारला.

या धावपळीत एक गोष्ट मात्र फक्त मला कळत होती. पावलं बदलत होती. दुसऱ्या आठवड्यात विश्रांती कमी झाली. तिसऱ्यात कठडा करकरायचा थांबला. रुसलेला गुडघा रोजच्या चौऱ्याऐंशी पायऱ्यांनी हळूहळू माणसात आला. पंचविसाव्या दिवशी मास्तर दोन-दोन पायऱ्या ओलांडत आले, आणि मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, अहो थांबा ना, मला दम लागला." मला आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं. ज्याला काठी लागत नाही, त्याची काठी जाळली तर कुणाचं काय बिघडणार होतं?

अठ्ठाविसाव्या दिवशी बाईंनी दोघांना समोर बसवलं. परवाचं परतीचं विमान होतं. बाईंनी नियमांचं पुस्तक चाळून चाळून एक वाट काढली होती. मालकाला काठीशिवाय चालता येत नाही असं आज आरोग्य अधिकाऱ्याने लिहून दिलं, तर जुनं कार्ड रद्द आणि काठीची सुटका. पण, बाई चाचरत म्हणाल्या, तसं लिहून दिलं की मास्तर एकटे विमानात बसू शकणार नाहीत. घरचं माणूस सोबत हवं. मुलीला रजा दोन वर्षांतून एकदा मिळते. तोवर त्यांना इथेच राहावं लागेल, आणि दर महिन्याला अधिकारी घरी येऊन तपासून जातील.

खिडकीबाहेर धुराडं होतं, तिकडे मास्तरांनी पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या मुठीकडे. ती मूठ हातात देणारी बाई कोण होती, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग ते मैदानावरच्या आवाजात म्हणाले, "मला हिच्याशिवाय चालता येत नाही."

हे वाक्य ऐकायला मी दोन वर्षं कान टवकारून होते. ते आलं, आणि आलं तेव्हा धादांत खोटं होतं.

आरोग्य अधिकाऱ्याने त्यांना व्हरांड्यात दहा पावलं चालायला सांगितलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं मुलांना सरळ चालायला शिकवलं, तो आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडं चालला. पण सवय नसल्याने पहिली पाच पावलं उजव्या पायाने लंगडला आणि उरलेली डाव्याने. अधिकारी चष्मा काढून बघत राहिला. माझा जीव टांगणीला लागला.

"घरातही असेच चालतात का?" त्याने मुलीला विचारलं.

आदल्याच संध्याकाळी मास्तर तिच्या घराचा जिना तिच्याआधी चढून गेले होते. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं, मग अधिकाऱ्याकडे.

"असेच," ती म्हणाली. "कधी उजव्याने, कधी डाव्याने. फार हाल होतात हो."

मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती गंभीर चेहऱ्याने अधिकाऱ्याचं पेन चालताना बघत होती. सही झाली, शिक्का पडला, परतीचं तिकीट फाडलं गेलं, आणि मी मास्तरांच्या हातात आले. चौऱ्याऐंशी पायऱ्या आम्ही अर्ध्या तासात उतरलो, कारण वरून बाई बघत होत्या. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला मुलगी. मास्तर तिला एवढंच म्हणाले, की घराची किल्ली शेजाऱ्यांकडेच राहू दे. खिडकी उघडायला सांग कधीतरी.

आता मी तिच्या घरात दाराशी उभी असते. अंगावर तीन देशी-परदेशी शिक्के आहेत, मुठीला अजून हाताची ऊब मिळते. महिन्याच्या पहिल्या तारखेला अधिकारी येतात. आदल्या दिवशी बापलेक बैठकीच्या खोलीत तालीम करतात, आणि ती खुर्चीत बसून ओरडते, "बाबा, डावा. डावा पाय." बाकीचे दिवस मास्तर मला सोबत नेतात खरं, पण मी जमिनीला टेकत नाही.

तर माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कधी त्या बेटावर गेलात, आणि किनाऱ्यावर एक म्हातारा काठी खांद्यावर टाकून झपाझपा चालताना दिसला, त्याच्यामागे त्याची मुलगी धापा टाकत येताना दिसली, तर कृपा करा आणि आरोग्य खात्याला कळवू नका.