हॉलिसचा ससा

थर्मनच्या छातीने दगा दिला आणि कोयोटींचं, माळावरच्या त्या कोल्ह्यांचं, फावलं. बंदूक होती, नेम होता. पण ते लबाड टप्प्यात यायला जखमी सशाची किंकाळी लागते, आणि ती थर्मन तोंडाने काढायचा. वायोमिंगच्या त्या पट्ट्यात तसा ससा दुसऱ्या कुणाला जमला नव्हता. आता दोन किंकाळ्यांत त्याला धाप लागे. यंदाही कोकरं गेली तर कळप विकायचा, असं त्याच्या मुलीने, रोवेनाने, बजावलं होतं. म्हणून नाक मुठीत धरून तो तिच्याबरोबर दुकानात जनावरांचे आवाज वाजवणारा भोंगा निवडायला आला.

दुकानदारीण कोराने दोन यंत्रं पुढे मांडली. "हा मोठा बघा, काका. आवाज दरीपलीकडे जातो. रिमोट घेऊन तुम्ही लांब झुडपात बसायचं."

"आणि हा?" रोवेनाने धाकटा उचलला.

"खेळणं आहे ते. वारा सुटला की त्याचं त्यालाच ऐकू येत नाही."

"मोठ्यावर ससा लाव," थर्मन म्हणाला.

दुकानभर ससा किंचाळला. मधेच आत ओढलेला श्वास आला, आणि त्या श्वासाला पडलेल्या दाताची शिट्टी. थर्मनची जीभ आपसूक दातांमधल्या खिंडीत गेली. तो दात त्याचा होता.

"हा कुणाचा आवाज?"

"आपल्या हॉलिसचा. नावच 'हॉलिसचा ससा'. घरोघरी हाच वाजतो."

हॉलिस त्याचा शिकारीतला जुना जोडीदार. "आठवण राहू दे रे," म्हणून त्याने एकदा माळावर टेप लावला होता, आणि थर्मन फुशारकीने पुन्हा पुन्हा किंचाळला होता. केसाने गळा कापणं ते हेच.

"माझा आवाज आहे हा," तो म्हणाला.

"मग बरंच झालं की, बाबा. छाती न फुगवता तुमचाच ससा."

कोरा जरा घुटमळली. "पण कोयोटी आता त्याला भुलत नाहीत. हिवाळाभर टेकडी-टेकडीवर हाच वाजला, निम्म्यांचे नेम चुकले. वाचलेले शहाणे झालेत. तुम्ही त्यांच्याच पिल्लाचं रडणं लावा."

भोंगा घेतला, पण थर्मनला ते पटलं नाही. यंत्राला फसत नसतील, जित्या गळ्याला फसतील. संध्याकाळी कुरणाच्या कडेला त्याने भोंगा गाडीतच ठेवायला लावला आणि होता नव्हता तेवढा दम एकवटून किंचाळला.

टेकडीवर एक कोयोटी उभा राहिला. त्याने कान टवकारले, ऐकलं, आणि शेपूट घालून पळत सुटला.

रोवेना गाडीकडे गेली. तिने भोंगा आणून पिल्लाचं रडणं लावलं. बऱ्याच वेळाने दुसऱ्या बाजूने एक मादी धावत आली. थर्मनची धाप अजून बसली नव्हती. त्याने रोखलेल्या बंदुकीची नळी हलत होती. रोवेनाने त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली आणि एका गोळीत तिला लोळवलं.

"जमतंय की. कळप नको विकायला," ती म्हणाली. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत, अगदी मायेने, "उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल, बाबा."