नवी लेन्स येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे, आणि खरे सांगायचे तर आता फार थकले आहे. माझी काच एका कडेने धूसर झाली आहे. अंगावरचा काळा रंग बोटांनी घासून घासून उडाला आहे. फिरवायची रबरी पट्टीही सैल पडली आहे. पण अंगावर कोरलेला पंच्याऐंशी हा आकडा अजून वाचता येतो आणि फोटोग्राफर मला त्याच आकड्याने ओळखतात. मी दूरचे जवळ आणत नाही, की डोंगर आणि मोठी लग्ने एका फोटोत सामावून घेत नाही. मला एकच काम येते, माणसाचा चेहरा.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते नागपूर ते अमरावती एसटीचा प्रवास. धर्मपाल वानखडे नावाच्या तरुण फोटोग्राफरने मला कॅमेऱ्याच्या पिशवीत न ठेवता मांडीवर, रुमालात गुंडाळून धरले होते. बस आदळली की तो दोन्ही हातांनी मला झाकायचा. या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षे होऊन गेली.

अमरावतीत बडनेरा रोडवर त्याचा लहानसा स्टुडिओ होता. तेव्हा फिल्मच्या रोलचे दिवस होते. धर्मपाल समोरच्या माणसाला उत्तरेच्या खिडकीपाशी बसवायचा आणि गप्पा मारत राहायचा. माणूस बोलता बोलता कॅमेरा विसरला, की हलकेच बटण दाबायचा. त्याचा सारा जीव डोळ्यांत असायचा. फोटोतला डोळा स्पष्ट आला नाही, तर तो ती प्रिंट गिऱ्हाइकाला देतच नसे. पुढे मुलगी वर्षाली हाताशी आली, तेव्हा त्याने तिलाही हेच शिकवले.

"डोया धर पोरी. बाकीचं जसं येईन तसं येऊ दे."

चौकात फुले विकणाऱ्या दुर्गाबाईंचा फोटो त्याने माझ्यातूनच काढला आणि दर्शनी काचेत लावला. लोक थांबून पाहायचे. एकदा स्वतः दुर्गाबाई टोपली डोक्यावर घेऊन काचेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे त मोठ्या घरची बाई वाटून राहिली." त्या दिवशी मला फार अभिमान वाटला, मित्रांनो.

मग दिवस बदलले. आयडीच्या फोटोसाठी सोडून स्टुडिओत कोणी येईना. लग्नात धावपळ असते, म्हणून तिथे मोठ्या झूम लेन्सा गेल्या. मोबाइल स्वतःच मागचे सगळे धूसर करू लागला. मी कपाटात गेले. तीन पावसाळे मी एका बंद पिशवीत पडून होते. कोणी उघडले नाही, ऊन दाखवले नाही. माझ्या काचेच्या आत बुरशीची बारीक जाळी धरली. धर्मपालचा त्यात दोष नव्हता. त्याच तीन वर्षांत त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. या आजारात नजर कडेकडेने काळी होत आत सरकते. मधले जेवढे उरले होते तेही त्याला धुकट दिसू लागले. डॉक्टरांनी सांगितले, गेलेले परत येणार नाही, औषधाचे थेंब घालून राहिलेले जपा. साठी ओलांडलेला धर्मपाल स्टुडिओत नुसता बसून राहू लागला.

मग वर्षालीने मिररलेस कॅमेरा घेतला. या कॅमेऱ्यात समोरच्या माणसाचा डोळा कॅमेराच शोधतो. डोळ्यावर एक छोटा चौकोन येतो आणि माणूस हलला तरी तो चौकोन डोळा सोडत नाही. वर्षालीने कॅमेरा बाबांच्या हातात दिला. धर्मपालने तो डोळ्याला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"वर्षे, हे त स्वताच डोया धरून राहिलं वं!"

"हो बाबा. तुमी फक्त बटन दाबा."

त्या दिवसापासून धर्मपालला एकच ध्यास लागला. या कॅमेऱ्यासाठी पंच्याऐंशीची नवी, हलकी लेन्स हवी. बाजारात आधीची एक होती, पण ती इतकी जड, की त्याच्या मनगटांना पेलेना. मी तर त्या कॅमेऱ्याला बसतच नव्हते. मध्ये एक जोडकडे, म्हणजे अडॅप्टर, लावले तर बसायचे, पण मला फिरवणारी मोटर जुन्या कॅमेऱ्यात होती, नव्यात ती नाही. म्हणजे मला हातानेच फिरवावे लागणार आणि डोळ्यानेच पारखावे लागणार. नेमके तेच धर्मपालला आता जमत नव्हते.

अकोल्याचा मनोज नावाचा त्याचा फोटोग्राफर मित्र दर रविवारी फोन करायचा. कोणती लेन्स येणार याच्या बातम्या त्याच्याकडे असायच्या. त्याला मागचे दिवे गोल गोल मऊ दिसणारी लेन्स हवी होती. वर्षालीला वरमाला पडताना चुकणार नाही अशी हवी होती. धर्मपाल म्हणायचा, "मले काही नको. हलकी असली पाह्यजे अन् तिनं डोया धरला पाह्यजे." एक नवी लेन्स आली, ती मोठ्या देखाव्यांची निघाली. दुसरी आली, ती पाखरांचे फोटो काढायची.

"पाखरायसाठी आली," धर्मपाल फोनवर म्हणाला, "माणसायसाठी कव्हा येईन गा?"

मी कपाटातून हे सगळे ऐकत होते. माझ्याच जागेवर येणाऱ्या लेन्सची तो वाट पाहत होता. मला वाईट वाटले का? थोडे वाटले. पण त्याच्या आवाजात किती दिवसांनी धार आली होती, तेही मला ऐकू येत होते.

अशात एके दिवशी हिवरखेडहून पार्बताबाईंचा फोन आला. पार्बताबाई म्हणजे धर्मपालची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवले. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या आणि चेहरा व्रणांनी भरला होता. त्यामुळे त्यांनी आयुष्यभर फोटो काढू दिला नाही. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत त्यांचा नुसता पदर दिसतो. भाऊ फोटोग्राफर, पण बहिणीचा फोटो नाही. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या आपणहून म्हणाल्या, "धर्म्या, माही जाव मेली त तिचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. चोरट्यावानी दिसून राहिली बिचारी. माह्यं तसं नको करू. माह्या एक बरा फोटो काढ."

धर्मपाल म्हणाला, "काढतो बाई. नवी लेन्स येऊ दे, मंग येतोच."

लेन्स येईना. दिवाळी गेली, संक्रांत गेली. पार्बताबाईंना छातीचे दुखणे झाले, त्या तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात चार दिवस राहून घरी आल्या. इकडे डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले, की मधली नजरही आवळत चालली आहे. परत येऊन स्टुडिओत शिरल्याबरोबर वर्षालीने पिशवी खुर्चीवर आदळली.

"बाबा, तुमी वाट कोनाची पाहून राहिले? लेन्स येईपर्यंत तुमचा डोया राहीन का, आत्या राहीन का?"

"अन् काढू कायनं?" धर्मपालही चिडला. "तुह्या झूमनं? माह्या बहिनीचा एकच फोटो होईन जन्मात, अन् तोही लग्नातल्यासारखा?"

वर्षालीने कपाट उघडून मला बाहेर काढले आणि त्याच्या हातात ठेवले. त्याचा अंगठा माझ्या सैल पट्टीवर फिरला. त्याने मला ओळखले, मित्रांनो, बघावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्यात सहदेव नावाच्या कारागिराने मला उघडले. त्याने बुरशी पुसली, पण काचेवरचा थर एका जागी खाल्ला गेला होता. "डाग राहीन," तो म्हणाला. "कपाटात नसती कोंडली त हे झालंच नसतं." मला तो सगळ्यांत खरा माणूस वाटला.

हिवरखेडला पोचलो तेव्हा सकाळचे ऊन ओसरीत येऊन थांबले होते. पार्बताबाई धुतलेले पांढरे लुगडे नेसून बसल्या होत्या. जोडकडे घालून मला नव्या कॅमेऱ्यावर बसवले आणि कॅमेरा तिपाईवर लागला. धर्मपालने डोळा लावला, पट्टी फिरवली, पुन्हा फिरवली. वर्षालीने फोटो मोठा करून पाहिला आणि मान हलवली. कान स्पष्ट होता, डोळा नव्हता. असे पाच-सहा वेळा झाले. धर्मपालच्या कपाळावर घाम आला. एका क्षणी तो मागे सरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मला वाटले, आता तो हरला.

पण थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाई, घरात टेप हाय का? मापाचा?"

शेजारच्या शिवणकामवालीकडून टेप आला. त्याचे एक टोक पार्बताबाईंच्या गालाला, डोळ्याखाली धरले आणि दुसरे कॅमेऱ्याला.

"माप काहून घेऊन राहिला रे? झंपर शिवतं का माह्यं?" पार्बताबाई म्हणाल्या.

माझ्या अंगावर अंतराचे आकडे कोरलेले आहेत. ते आता धर्मपालला वाचता येत नव्हते. वर्षालीने टेपवरचे माप पाहून मला नेमक्या आकड्यावर आणले. धर्मपालने माझ्यातले उजेड आत घेणारे छिद्र थोडे लहान करायला लावले, म्हणजे बहीण बोटभर हलली तरी डोळा सुटणार नाही. मग तो बटणाची वायर हातात घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्यानंतर त्याने कॅमेऱ्यात पाहिलेच नाही. तो बहिणीकडे पाहत राहिला आणि बोलत राहिला.

"बाई, हालू नको."

"श्वास त घेऊ का नको?"

पस्तीस फोटो निघाले. त्यांतले बरेच चुकले. शेवटून तिसरा मात्र अगदी साधला. डोळे स्वच्छ आले होते, ओठाच्या कोपऱ्यात दाबलेले हसू होते, आणि गालावरचे देवीचे व्रण सगळेच्या सगळे आले होते. वर्षालीने तो दाखवला आणि हळूच विचारले, "आत्या, हे व्रण कम्प्युटरवर पुसता येतात. पुसू?"

पार्बताबाईंनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग म्हणाल्या, "राहू दे. नाईतर लोकं म्हनतीन, हे कोन बाई हाय?"

धर्मपालने परत येताना वाटेत मला पिशवीत ठेवले नाही.

नवी लेन्स चार महिन्यांनी आली. हलकी आहे, आवाज करत नाही, आणि डोळा खरेच सोडत नाही. धर्मपाल आता रोज सकाळी दोन तास काम करतो. गल्लीतली म्हातारी माणसे त्याच्या खिडकीपाशी येऊन बसतात. नवी लेन्स घेऊन तो हिवरखेडलाही गेला होता, पण पार्बताबाईंनी हाकलून दिले. "एक काढला ना? आता काय शिनेमात टाकतं मले?"

मी मात्र परत कपाटात आहे. या वेळी काचेच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत. महिन्यातून एकदा वर्षाली मला खिडकीत ठेवते. रागवायला मला आता जोर नाही. नव्या लेन्सने माझ्या माणसाला त्याचे काम परत दिले, एवढे मी पाहिले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी जुनी वस्तू कुठेतरी कोंडलेली असेल. तिला अधूनमधून बाहेर काढा, पुसा, थोडे ऊन दाखवा. आणि कोणाचा फोटो काढायचा राहिला असेल, तर चांगल्या लेन्सची वाट पाहत बसू नका. हातात जे आहे ते घेऊन जा.

वर्षालीने आत्ताच डब्याचे झाकण लावले आहे. मला आता थोडा वेळ पडून राहू द्या.