सुटकेच्या वर्णनातली ओळ

गंधालीने लिहिलेलं वर्णन देवव्रतने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि रुचिराच्या पोटात दुखायला लागलं. का दुखू नये? आठ वर्षं ती अंधेरीच्या या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कोड लिहीत होती. आणि गंधाली कोण? कालपर्यंत हेडफोन लावून सोसायट्यांच्या शिव्या खाणारी, दहिसरहून डबा घेऊन येणारी तक्रार डेस्कवरची बाई!

कंपनीने तक्रारी घ्यायला एआय एजंट आणला होता. त्याच्या हाताशी दोन टूल्स होती. 'भेट ठरवा' हे मेकॅनिकची पुढची मोकळी वेळ द्यायचं, आणि 'सुटका पाठवा' हे कुणी लिफ्टमध्ये अडकलं तर ताबडतोब माणसं धाडायचं. दोन्ही रुचिरानेच बांधलेली, आणि झकास बांधलेली. पण एजंट मेला कोड कुठे बघतो? टूलवर जे वर्णन लिहिलेलं असतं ते वाचून तो ठरवतो, कुठलं उचलायचं. रुचिराने लिहिलं होतं, 'सुटका सेवा कार्यान्वित करते.' बस्स, एवढंच. जुन्या शंभर तक्रारी देऊन बघितल्या तर पठ्ठ्याने एकोणचाळीस ठिकाणी माती खाल्ली. लिफ्टच्या फटीत चावी पडली, तरी सुटका!

मग देवव्रत, म्हणजे त्यांचा साहेब, गंधालीला म्हणाला, "नव्या मुलींना डेस्कवर शिकवतेस ना, तसंच याला लिहून दे."

तिने लिहिलं, 'लिफ्टमध्ये माणूस असेल तरच हे वापरा. दार अडकलंय पण आत कुणी नाही, तर हे नको, भेट ठरवा. आत कुणी आहे का ते तक्रारीवरून कळत नसेल, तर आधी विचारा.' शेजारणीला सांगावं इतकं साधं. चुका उतरल्या तीनवर. शुक्रवारी आणखी काही जुन्या तक्रारींवर शेवटची चाचणी, ती नीट झाली की एजंटच्या टीमची प्रमुख गंधाली, असं देवव्रतने जाहीरच करून टाकलं. जी खुर्ची आपलीच म्हणून रुचिरा दोन वर्षं वाट बघत होती, तीच खुर्ची.

"पेढे कधी देतेस गं?" असं तिने गंधालीला हसत विचारलं खरं, पण आतून नुसता जळफळाट. ती बाई कॅन्टीनमध्ये चहा ढवळतेय, हेही रुचिराला बघवेना.

गुरुवारी दुपारी तिने त्या वर्णनाची फाइल उघडली. एवढं लांबण कशाला? याला काय बालवाडीत बसवलंय? वर्णन आटोपशीर हवं, असं स्वतःला बजावत तिने शेवटची ओळ उडवली. आटोपशीर कसलं डोंबलाचं! तिला गंधाली तोंडावर पडायला हवी होती.

शुक्रवारी तिघं स्क्रीनसमोर बसली. साठ-सत्तर तक्रारी सुरळीत गेल्या. मग मुलुंडच्या एका सोसायटीची आली, 'लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली आहे. आई भाजी आणायला खाली निघाली होती.' एजंटने काही न विचारता भेट ठरवली. उद्या सकाळी अकरा.

गंधालीचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर, ही तक्रार तेव्हा मीच घेतली होती," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. मी पण विचारलं नव्हतं. उद्याची वेळ देऊन फोन ठेवला. काकू पावणेदोन तास आत होत्या. बाहेर काढलं तेव्हा माझाच हात धरून रडल्या." ती स्क्रीनवर बोट फिरवत आपलं वर्णन पुन्हा पुन्हा वाचायला लागली. "म्हणून तर मी ती ओळ... लिहिली होती ना मी? की राहिलीच? परत तेच केलं मी, सर. मला नको हे काम. रुचिराला द्या."

कुणी कधी काय बदललं याची नोंद फाइलमध्ये असते. पण गंधालीला ती बघता येत नव्हती, आणि देवव्रतच्या मनात संशयही आला नाही.

"घेशील?" त्याने रुचिराला विचारलं.

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. एवढा एक शब्द आणि खुर्ची तिची. पण गंधालीचं बोट अजून वर्णनाच्या शेवटी त्याच रिकाम्या जागेपाशी फिरत होतं, न केलेली चूक शोधत.

"ओळ होती," रुचिरा म्हणाली. "मी काढली. काल दुपारी."

देवव्रत तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने कीबोर्ड गंधालीपुढे सरकवला. तिने ओळ परत लिहिली आणि तीच तक्रार पुन्हा दिली. या वेळी एजंटने विचारलं, 'आई आत्ता लिफ्टमध्ये आहेत का?'

गंधालीने डोळे पुसले. "का काढलीस गं?" तिने विचारलं. रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"कारण आठ वर्षांत अशी ओळ मला कधी सुचली नव्हती," रुचिरा म्हणाली.