सरोजिनी सुरी

भूमच्या बाजारपेठेत शरणप्पाचं भांड्यांचं दुकान आहे, त्याच्यासमोर माझं सुतळी-पोत्यांचं. समोर बसून बसून मला त्याच्या गिऱ्हाइकांपेक्षा त्याचीच पारख जास्त झाली आहे. भांडी तो सगळ्यांसारखीच विकतो. त्याचं नाव झालं ते सुऱ्यांवर.

पाती शेजारच्या वाशी गावचा लोहार घडवतो, मुठी शरणप्पा बसवतो. सगळ्या सरळ धारेच्या. पोट सुटलेली सुरी त्याच्या दुकानात मिळत नाही. "सरळ धार पाटावर ठेवली की टोकापासनं मुठीपर्यंत टेकती," तो सांगतो. "मेथीची जुडी कापा, एक काडी जोडलेली ऱ्हाणार न्हाय." खव्याच्या भट्टीवाले बर्फीच्या वड्या पाडायला त्याच्याकडूनच सुरी नेतात, कारण वाकड्या धारेनं परातीच्या तळाशी वडी चिकटून राहते.

धार सगळ्यांची सारखी, फरक पाठीत. सुरुवातीला त्यानं पहिली, दुसरी, तिसरी असं ठेवलं होतं. एकही खपेना. मग त्यानं माणसांची नावं दिली आणि बाजारात हसू पसरलं. पाठ सरळ, नाक चौकोनी, अंगानं रुंद तो 'दगडोबा', एसटी स्टँडवरच्या भजीवाल्यावरून. मुठीपासूनच हळूहळू वाकत जाऊन शेवटी बारीक टोचणारा तो 'शंभुलिंग'. हे खरेदी-विक्रीतले दलाल. दारातूनच नमस्कार करत येतात. आणि पाठ शेवटपर्यंत ताठ, नाकाशी आल्यावर एकदम खाली उतरलेली, टोक मुळीच नाही, ती 'सरोजिनी'.

सरोजिनीबाई इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. चूक दिसली की मान तेवढी खाली घालून चष्म्यावरून बघायच्या. त्या कधी कुणाला टोचून बोलल्याचं आठवत नाही. तशी गरज पडली नाही.

भांड्यावर नाव घालायचं मशीन दुकानात होतंच. कुणाच्या लग्नातली कळशी, कुणाच्या वास्तूचं ताट, सगळ्यांवर नावं घालायची शरणप्पाला सवय. त्या सवयीनं पात्यांवरही नावं पडली. सरोजिनी सगळ्यात जास्त खपली.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग शरणप्पाच्या पोरीनं, शिवप्रियानं, सोलापुरात बँकेत असताना जोडीदार निवडला, आणि तो निघाला सरोजिनीबाईंचा मुलगा श्रेयस. बाई निवृत्त होऊन तुळजापूरला राहायला गेल्या होत्या. जात वेगळी, चालीरीती वेगळ्या. त्यांच्या घरात कुणी हो म्हणे, कुणी नाही. शेवटी बाईंनी कळवलं, मी स्वतः घर बघते, मग काय ते सांगते.

दिवस नेमका बाजाराचा निघाला.

"अण्णा, बाई येणार हायत," शरणप्पा सकाळीच माझ्या दुकानात आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. "नकार द्यायला निमित्तच हुडकू लागलेत त्यांच्यातली काही माणसं. अन् आपण त्यांच्या हातात सुरी देऊ लागलोय."

"नावासकट," मी म्हणालो.

"हसू नका, तुमच्या पाया पडतो."

सरोजिनीचा सगळा माल त्यानं माझ्या पोत्यांमागं लपवला. भाजीवाल्यांत फिरून आला. ओळखीचा दिसेल त्याला सांगायचा, "आज सुरी मागायची न्हाय." त्यामुळं ज्यांना सुरी नको होती तेही विचारू लागले, का रे बाबा, आज काय झालं?

बाई तुळजापूरच्या एसटीनं आल्या. श्रेयस पिशवी धरून मागं. घर दुकानाच्या पाठीमागंच, पण बाई आधी दुकानात शिरल्या. मी पाण्याची बाटली घेऊन तिथंच उभा होतो. शेजारधर्म म्हणून नव्हे, बघायला.

"शरणप्पा, एक काम आहे तुमच्याकडं," बाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढली आणि गल्ल्याशेजारी ठेवली. सुरी कुणी हातात देत नाही. "धार गेली आहे. तुमच्याच दुकानातली म्हणे. शाळेनं निरोपाला दिली होती, मुद्दाम माझं नाव घालून."

शरणप्पानं पात्यावरचं नाव वाचलं. मग अंगठा त्यावरच ठेवला.

"साडी तर सगळेच देतात," बाई पुढं म्हणाल्या. "पण हे कुणीतरी विचार करून दिलं. मी रोज वापरते."

त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मला खाली बघावं लागलं. शाळेतल्या कुणी टवाळानं ती दिली असणार हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. शरणप्पानं दगडावर पाणी टाकलं आणि घासायला लागला. वाटलं, एवढ्यावर निभावलं.

तेवढ्यात कोथिंबीरवाली प्रेमाबाई आली. तिला आज सुरी मागायची नाही हे सांगायचं राहून गेलं होतं. झिजून पट्टी झालेली सुरी तिनं बाईंच्या टॉवेलाशेजारी ठेवली.

"शरणप्पा, दुसरी सरोजिनी द्या. ही लई झिजली."

बाईंनी ती उचलली. वाचली. मग ती खाली ठेवून शरणप्पाच्या हातातल्या आपल्या सुरीकडं बघितलं.

"प्रेमाबाईच्या पोरीचं नाव हाय, बाई," शरणप्पा घाईनं म्हणाला. "तिच्यासाठी घातलंवतं."

"मला कुठली आली पोरगी?" प्रेमाबाई म्हणाली. "तीन ल्योक हायत. सकाळपासनं समदा बाजार येड्यागत करलालाय."

शरणप्पानं घासणं थांबवलं. दगडावरचं पाणी तेवढं खाली गळत होतं.

"निरोपाच्या दिवशी," बाई सावकाश म्हणाल्या, "मी ही हातात धरून आभार मानत होते. पुढच्या रांगेतले सगळे हसत होते. मला वाटलं, आनंदानं."

श्रेयसनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शरणप्पाचं तोंड उघडं राहिलं होतं आणि त्यातून आता दुसरं खोटं बाहेर पडणार हे मला स्पष्ट दिसत होतं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

मधल्या दारातून शिवप्रिया बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

"बाई, नाव सुरीचं आहे," ती म्हणाली. "ठरवलं बाबांनी, पात्यावर घातलं मी. कॉलेजला असताना सुट्टीत मशीनवर मीच बसायचे. तुमच्या सुरीवरचं अक्षरही माझंच."

"श्रेयसला ठाऊक होतं?"

"नव्हतं. मी सांगितलं नाही. भीती वाटली."

शरणप्पा बाईंच्या टॉवेलाची उगाच घडी घालू लागला.

"माझंच नाव का?" बाईंनी विचारलं.

"धार सरळ. आणि टोक नाही."

"आणि ही पाठ? नाकाशी अशी का उतरली आहे?"

शिवप्रियानं एकदा बापाकडं बघितलं. बापानं डोळे मिटले होते. "तुम्ही चष्म्यावरून बघता तशी."

बाई बघत राहिल्या, आणि त्या नेमक्या चष्म्यावरूनच बघत होत्या. ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी चष्मा वर सरकवला. प्रेमाबाईला एकदाचं कोडं उलगडलं. तिनं पदर तोंडात धरला आणि आपली झिजलेली सुरी हळूच उचलून कमरेला खोवली.

"या पोरीनं आत्ता सांगितलं नसतं," बाई श्रेयसला म्हणाल्या, "तर मी पुढच्या गाडीनं परत निघाले असते." मग शरणप्पाकडं वळून, "तुमच्याशी मला काही बोलायचं नाही. धार पूर्ण करा." आणि शिवप्रियाला म्हणाल्या, "चहा ठेव. साखर कमी."

त्या आत गेल्या, श्रेयस मागोमाग. शरणप्पा दगडापाशी बसला, पण धारेऐवजी पाठच घासू लागला. सुरी मीच काढून घेतली.

"अण्णा, व्हय म्हणल्या का न्हाय म्हणल्या?"

"चहा म्हणल्या."

आतून कपबशीचा आवाज आला, शिवप्रियाच्या आईचा दबका आवाज आला, मग बाईंचा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा. "तुळजापुरात उन्हाळ्यात हॉल मिळत नाही. आत्ताच धरून ठेवावा लागेल. आणि भांड्यांवर कुणाचं नाव घालायचं ते मला विचारल्याशिवाय घालायचं नाही."

शरणप्पा माझ्याकडं बघत राहिला. हॉल धरायचा म्हणजे लग्न करायचं, हे मला त्याला समजावून सांगावं लागलं.

"रागात तर न्हाय ना म्हणल्या?"

"रागातच म्हणल्या," मी म्हणालो. "पण म्हणल्या."